विमानाचं जुनं मॅन्युअल: कुठवर वाचायचं, कुठे थांबायचं

२८ ऑक्टोबर २०२४ ला बडोद्यात वायुसेनेच्या सी-२९५ या मालवाहू विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इकडच्या मराठी घरांत एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. घरातलं कुणीतरी एएमईचा, म्हणजे विमानदेखभालीच्या लायसन्सचा अभ्यास करतंय. कुठून तरी जुन्या विमानाचं जाडजूड मॅन्युअल हाती लागलंय. पस्तीवाल्याकडून, म्हणजे रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावात, नाहीतर व्हॉट्सअॅपवर कुणीतरी ढकललेली पीडीएफ. हे वाचून काही फायदा आहे का, की आउटडेटेड म्हणून टाकून द्यायचं?

उत्तरं दोन टोकांची मिळतात. हँगरमधला माणूस म्हणतो, हात लावू नकोस. क्लासमधले सर म्हणतात, मिळेल ते वाच. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण का बरोबर आहेत ते सहसा कुणी सांगत बसत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पन्नास वर्षांपूर्वीचं, कडा कुरतडलेलं मॅन्युअल तितकंसं घातक नसतं, कारण ते जुनं आहे हे आंधळ्यालाही कळतं. घातक असते ती गेल्या वर्षीची झेरॉक्स, जी अगदी आजची वाटते.

गेल्या वर्षीचं पंचांग घ्या. तिथी म्हणजे काय, नक्षत्र कसं वाचायचं, करण कुठे लिहिलेलं असतं, हे सगळं त्यावरून शिकता येतं. पण त्यावरून यंदाची संकष्टी धरली तर उपास भलत्याच दिवशी घडेल. विमानाच्या जुन्या मॅन्युअलचं नेमकं असंच असतं. फक्त कुठली पानं शिकण्याची आणि कुठली तिथीची, हे त्यात वेगळं करून दिलेलं नसतं. ते ओळखायला शिकावं लागतं.

मुळात ‘मॅन्युअल’ हे एक पुस्तक नव्हे. एका प्रवासी विमानामागे पुस्तकांची अख्खी वरात असते. देखभाल कशी करायची हे मेंटेनन्स मॅन्युअल सांगतं. कुठल्या जागी कुठल्या नंबरचा सुटा भाग बसतो, हे चित्रांसह पार्ट्स कॅटलॉग सांगतो. पत्र्याला पोचा आला, चीर गेली तर काय करायचं, त्यासाठी स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल वेगळं. वायरिंगचं वेगळं. पंप, व्हॉल्व्ह, जनरेटर असे भाग उघडून दुरुस्त करायची कंपोनंट मॅन्युअलं तर ज्याची त्याची. पायलटच्या हातातलं पुस्तक आणखी निराळं. त्यामुळे ‘माझ्याकडे अमुक विमानाचं मॅन्युअल आहे’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठलं?

या पसाऱ्यात एक गोष्ट मात्र चांगली झाली. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने प्रकरणांना ठरावीक नंबर देण्याची पद्धत काढली. ती एटीए नंबर म्हणून ओळखली जाते. २४ म्हणजे वीज, २७ म्हणजे उड्डाणाची नियंत्रणं, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक्स, ३२ लँडिंग गिअर, ५१ ते ५७ विमानाचा सांगाडा, ७२ इंजिन. पुढे या पद्धतीची रूपं बदलली, कागद जाऊन पडदा आला, पण हँगरमध्ये आजही ‘बत्तीसमध्ये बघ’ म्हटलं की सगळ्यांना चाकं आठवतात. जुन्या मॅन्युअलमधून हा नकाशा डोक्यात बसवून घेतला तर तो जन्मभर पुरतो.

आता एक जुनं पुस्तक प्रत्यक्ष उघडून बघू. आमच्या गल्लीतल्या एका पोराकडे सत्तरच्या दशकातलं सेस्ना १७२ चं सर्व्हिस मॅन्युअल आहे. शुक्रवारी बाजारात मिळालं म्हणे. निळं बाइंडर, आतल्या कड्या गंजलेल्या. सेस्ना १७२ हे फ्लाइंग क्लबांचं आवडतं चार सीटचं विमान. १९५६ पासून बनतंय, मध्ये १९८६ ला बंद पडलं, १९९६ ला पुन्हा सुरू झालं, आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. पोरगा एकदा शिकाऊ विमानात बसून आला आणि पुस्तक घेऊन थेट माझ्याकडे.

“काका, यात फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या त्या पट्ट्या, चाळीस अंशांपर्यंत खाली येतात असं लिहिलंय. तिथे तर तीसच्या पुढे जातच नाहीत. विमानात काही बिघाड असेल का?”

“कव्हरवर काय लिहिलंय वाच बरं.”

“एकोणीसशे एकोणसत्तर ते शहात्तर.”

“आणि तू बसलास ते विमान कधीचं?”

ते त्याने विचारलंच नव्हतं. १९८१ सालच्या १७२पी मॉडेलपासून सेस्नाने फ्लॅपची मर्यादा ४० वरून ३० अंशांवर आणली आणि त्याच वेळी विमानाचं कमाल वजन २,३०० पौंडांवरून २,४०० केलं. विमानही बरोबर, पुस्तकही बरोबर. फक्त दोघांची गाठ चुकीची पडलेली. नाव तेच, १७२. बाहेरून बघितलं तर दोन्ही मॉडेलं सारखीच दिसतात.

हे एकदा लक्षात आलं की त्याच बाइंडरमध्ये अशा न जुळणाऱ्या गोष्टी जागोजागी दिसू लागतात. वेग मैलांत दिलाय, कारण सेस्नाने वेगमापकाचे मुख्य आकडे १९७६ च्या मॉडेलपासून नॉटमध्ये आणले. एक नॉट म्हणजे ताशी सव्वा मैलाला थोडा कमी, सुमारे १.१५ मैल. इंजिन बंद पडल्यावर तरंगत उतरायचा वेग ८० मैल लिहिला असेल आणि वाचणाऱ्याने तो ८० नॉट समजून धरला, तर तो ९२ मैलांनी खाली येतोय. इंधनाच्या पानावर ८०/८७ ग्रेडचं पेट्रोल लिहिलंय, ते लाल रंगाचं असायचं. आज टाकीत जातं ते निळं १०० एलएल. बॅटरी आणि दिव्यांचं वायरिंग १४ व्होल्टचं, तर १९७८ च्या मॉडेलपासून २८ व्होल्ट. यातली एकही गोष्ट छापताना चुकलेली नाही. छापली तेव्हा ती सोळा आणे खरी होती.

म्हणून जुनं पुस्तक हाती आलं की मधलं पान उघडायच्या आधी पुढची कंटाळवाणी पानं वाचायची. तिथे चार गोष्टी बघायच्या. पुस्तक कुठल्या सिरियल नंबरच्या विमानांना लागू आहे, हे पहिलं. हँगरच्या बोलीत याला इफेक्टिव्हिटी म्हणतात, आणि बहुतेक घोळ इथेच होतो, कारण एकाच कारखान्यातून एकामागोमाग निघालेल्या दोन विमानांतही एखादा व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो. दुसरी, रिव्हिजनची नोंद: कितवी सुधारणा, कुठल्या तारखेची, कुणी पानं बदलून सही केली. तिसरी, चालू पानांची यादी. या यादीत प्रत्येक पानापुढे तारीख असते आणि तीच तारीख त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असायला हवी. दोन्ही जुळल्या नाहीत तर मधलं एखादं पान कुणीतरी बदललंच नाही, किंवा दुसऱ्याच संचातलं उचलून घातलंय. चौथी, पिवळी पानं. पुढच्या रिव्हिजनपर्यंत थांबता येत नाही अशी तातडीची दुरुस्ती पिवळ्या कागदावर छापून बाइंडरमध्ये अडकवायची पद्धत होती. पीडीएफ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेली असेल तर हा पिवळा रंगच नाहीसा होतो, आणि तातडीचं पान साध्या पानासारखं वाचलं जातं.

पोराच्या बाइंडरमध्ये रिव्हिजनचा तक्ता पहिल्या दोन ओळींनंतर कोरा होता. म्हणजे पुढच्या सुधारणा आल्याच नाहीत, की आल्या आणि कुणी लावल्या नाहीत? ते आता कळायला मार्ग नाही. असल्या तक्त्यात कोरी जागा दिसली की समजायचं, या पुस्तकावर विमानाचा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.

भारतात नियम याबाबत स्पष्ट आहे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी महासंचालनालय. त्याच्या सीएआर-एम आणि सीएआर-१४५ या नियमांप्रमाणे देखभाल करणाऱ्याकडे त्या विमानाला लागू असलेला आणि चालू स्थितीतला तांत्रिक मजकूर हवाच, आणि कामही त्यावरूनच करायचं. म्हणून कंपन्यांच्या टेक्निकल लायब्ररीत नोंद असलेल्या प्रती वेगळ्या आणि ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ असा शिक्का मारलेल्या प्रती वेगळ्या. शिक्का मारलेली प्रत हँगरच्या फ्लोअरवर सापडली तर ऑडिटमध्ये लेखी शेरा येतो, मग त्यातला मजकूर बरोबर असो वा नसो.

यापेक्षा खोल अडचण वेगळीच आहे. काही गोष्टी जुन्या पुस्तकात नसतात, आणि ‘इथे काही नाही’ हे पुस्तक स्वतः सांगू शकत नाही. चुकीचा आकडा निदान दिसतो तरी. जे छापलंच नाही ते कसं दिसणार?

सेस्नाच्या सीटचंच बघा. पायलटची सीट दोन रुळांवर पुढे-मागे सरकते. रुळांना भोकं असतात, सीटची एक पिन त्यात पडते आणि सीट जागेवर राहते. हजारो वेळा सरकवून भोकं लांबट होतात, पिनेचं टोक झिजतं, आणि सीट लागल्यासारखी वाटते पण लागलेली नसते. विमान धावपट्टीवर वेग घेतं, नाक वर उचलतं, आणि सीट सर्रकन मागे जाते. पायलटच्या हातात कंट्रोल असतो. माणूस मागे पडताना जे हातात असेल ते ओढतो, इथे तो कंट्रोल ओढतो. नाक आणखी वर जातं, वेग मरतो, आणि जमिनीपासून शंभर-दोनशे फुटांवर विमान सावरायला जागा उरत नाही. असे अपघात झाले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक यंत्रणेने, सेस्नाच्या सीटच्या रुळांबद्दल सक्तीचा आदेश काढला, आणि २०११ मध्ये त्याच्या जागी नवा आदेश आणला. भोकांची झीज मोजा, पिन किती आत जाते ते बघा, ठरावीक तासांनी पुन्हा बघा.

अशा आदेशाला एडी म्हणतात, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. विमान ज्या देशात डिझाइन झालं तिथली यंत्रणा तो काढते, आणि आपल्याकडे डीजीसीए तो पाळायला लावतं. एडी हा कायदा आहे. मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो, वरचढ एडीच. १९७५ च्या पुस्तकात १९८७ चा आदेश असणं शक्यच नाही. ते पुस्तक मन लावून, एक अक्षर न गाळता वाचलं तरी सीटच्या भोकांकडे तुमचं लक्ष जाणार नाही. निर्मात्याची सर्व्हिस बुलेटिनं ही आणखी निराळी. ती बहुधा सल्ला असतात आणि त्यातली गंभीर प्रकरणं पुढे एडी होतात.

पण मुळात पुस्तक लिहिताना या गोष्टी कळत कशा नाहीत? हुशार माणसंच लिहितात की. याचं उत्तर २८ एप्रिल १९८८ ला हवाईत मिळालं. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४ हजार फुटांवर पुढच्या भागातलं सुमारे १८ फूट लांबीचं छत फाटून उडालं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली आणि दगावली. पायलटांनी तशाही स्थितीत विमान उतरवलं. ते विमान १९६९ चं, आणि त्याच्या नावावर ८९,६८० उड्डाणं होती, कारण बेटाबेटांमधल्या फेऱ्या लहान असतात. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो. पत्रा तेवढ्या वेळा ताणला जातो. सुरुवातीच्या ७३७ मध्ये पत्र्यांचे सांधे रिव्हेटांबरोबर एका चिकटवणीने जोडलेले होते. भार दोघांनी वाटून घ्यायचा, अशी कल्पना. समुद्राच्या खाऱ्या हवेत चिकटवण सुटली, सगळा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला, आणि एका ओळीतल्या भोकांना बारीक चिरा पडून त्या एकमेकींना मिळाल्या. बोइंगच्या बुलेटिनमध्ये सगळ्या सांध्यांची तपासणी सुचवलेली होती, सक्तीच्या आदेशात मात्र त्यातल्या काहींचीच आली होती.

पुस्तक लिहिलं तेव्हा एवढी उड्डाणं झालेलं ७३७ जगात कुठेच नव्हतं. त्या अपघातानंतर वयस्क विमानांसाठी तपासण्यांचे वेगळे कार्यक्रमच आले, जुन्या दुरुस्त्यासुद्धा नव्या नजरेने तपासायला लागल्या. म्हणजे मॅन्युअलच्या पुढच्या आवृत्त्यांत जी भर पडते ती बरीचशी ताफ्यातल्या सर्वांत थकलेल्या विमानांनी घातलेली असते. पहिल्या आवृत्तीत हे शहाणपण नसतं. लेखकाचा तो दोष नव्हे.

इथवर वाचून बाइंडर पस्तीत द्यावंसं वाटत असेल तर जरा थांबा. आता दुसरी बाजू.

३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं, ८८ जण गेले. शेपटीवरचा आडवा पंख एका मोठ्या स्क्रूने वर-खाली होतो. त्या स्क्रूवर फिरणाऱ्या नटाचे आटे पार झिजून गेले होते, कारण ग्रीस पुरेसं गेलंच नव्हतं. तपास करणाऱ्यांनी जुने कागद काढले. एमडी-८० ज्यावरून तयार झालं त्या डीसी-९ ला हे ग्रीस ३०० ते ३५० तासांनी द्यायची मूळ शिफारस होती. वर्षं गेली, ताफ्याचा अनुभव चांगला होता, अंतर वाढत गेलं. अपघातग्रस्त विमानाच्या कंपनीत ते ८ महिन्यांवर गेलेलं होतं, म्हणजे सुमारे २,५५० तास. यातली प्रत्येक वाढ त्या-त्या वेळी नियमात बसवून केलेली. कुठल्याही एका दिवशी चालू पुस्तक उघडलं असतं तर त्यात तेव्हाचा अधिकृत आकडाच दिसला असता. तो मूळ आकड्यापासून किती लांब आलाय, हे कळायला जुनंच पुस्तक शेजारी ठेवावं लागतं.

जुन्या मॅन्युअलचं खरं काम मला इथे दिसतं. चालू पुस्तक आज काय करायचं ते सांगतं, पण काल काय करत होते आणि ते का बदललं याबद्दल त्यात फार तर समासातली एक काळी रेघ असते. ती रेघ सांगते की इथे काहीतरी बदललं. काय बदललं ते बघायला मागची आवृत्ती लागते. म्हणून चांगल्या टेक्निकल लायब्ररीत जुन्या रिव्हिजन फेकत नाहीत, ‘रद्द’ असा शिक्का मारून वेगळ्या कपाटात ठेवतात. भाड्याचं विमान मालकाला परत देताना याची किंमत कळते. पंधरा वर्षांपूर्वी पंखाला लावलेला पॅच ‘तेव्हाच्या रिव्हिजनप्रमाणे’ बरोबर होता का, हे विचारलं जातं, आणि तेव्हाची रिव्हिजन दाखवता आली नाही तर निव्वळ कागदासाठी पॅच पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते.

शिकणाऱ्याचा फायदा तर उघडच आहे. मॅग्नेटो ठिणगी कशी देतो, हायड्रॉलिकचा दाब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कसा जातो, कंट्रोलच्या केबल उन्हाळ्यात आणि थंडीत वेगळ्या ताणाच्या का असतात, हे १९७० मध्ये जसं होतं तसंच आज आहे. उलट जुन्या पुस्तकांतली समजावण्याची पद्धत मला जास्त आवडते. तेव्हा चित्रं हाताने काढलेली, आणि एका चित्रात एकच कल्पना. आजच्या पडद्यावरच्या मॅन्युअलमध्ये टास्कवरून टास्कवर उड्या मारताना अख्खी सिस्टिम एका नजरेत येतच नाही. बडोद्यात १८९० मध्ये सयाजीरावांच्या काळात कलाभवन निघालं, यंत्रविद्या मातृभाषेतून शिकवायचा घाट घातला गेला. त्या गावात जुन्या चित्रावर बोट ठेवून मराठीत हायड्रॉलिक्स समजावणं काही परकं नाही.

पोराला मी सांगितलं ते असं. एक प्रकरण घे, समज बत्तीस. त्यातली आकृती वहीत हाताने काढ, बाण घाल, प्रत्येक व्हॉल्व्ह कशासाठी आहे ते आपल्या शब्दांत लिही. आकडे मात्र वहीत उतरवायचे नाहीत. टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा), दाब, तास, पार्ट नंबर, तेलाची ग्रेड, यातलं काहीही नाही. लहानपणी पाठ झालेला आकडा मोठेपणी हातातून आपोआप बाहेर येतो, आणि तो कुठल्या पुस्तकातला होता हे तेव्हा आठवत नाही.

रसायनांची पानं तर वेगळीच काळजी घेऊन वाचावीत. जुन्या पुस्तकांत सफाईसाठी कार्बन टेट्राक्लोराइड सापडतं, जे यकृताला विष आहे. ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस. प्रायमर झिंक क्रोमेटचा. हायड्रॉलिक तेलही दोन घराण्यांचं: लाल रंगाचं खनिज तेल आणि जांभळट स्कायड्रॉल. एकाचे सील दुसऱ्यात फुगतात नाहीतर कुजतात, आणि चुकीचं तेल घातलं की सगळी लाइन सोडवावी लागते. मात्र जुनं विमान जपणाऱ्यांना हीच पानं सोन्यासारखी. युद्धकाळातल्या घड्याळांच्या काट्यांना अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावलेलं असायचं; संग्रहालयातलं विमान साफ करायच्या आधी ते कुठल्या तबकडीवर आहे, अॅस्बेस्टॉस कुठे गुंडाळलंय, हे सांगणारं दुसरं कोण आहे? २०१८ मध्ये आपल्या वायुसेनेच्या विंटेज ताफ्यात डकोटा आलं. त्या जातीचं विमान पहिल्यांदा उडालं १९३५ मध्ये. अशा विमानांना तर जुन्या कागदांवाचून गत्यंतरच नाही, अर्थात त्यांवर चढलेल्या पुढच्या सगळ्या आदेशांसकट.

आता त्या झेरॉक्सकडे येतो.

१० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजचं वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच निखळून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या माणसांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, कॅप्टन वाचला. काच आदल्याच दिवशी पहाटे बदललेली होती. बदलणाऱ्या अनुभवी माणसाने काढलेला जुना बोल्ट हातात धरला आणि डोळ्यांनी मापून तसलेच बोल्ट शोधले. पार्ट्स कॅटलॉगमध्ये ए२११-८डी हा नंबर होता, स्टोअरमधल्या माणसानेही तोच सांगितला होता. पण काढलेले बोल्ट मुळातच आधीच्या कुणीतरी लावलेले ७डी होते, आखूड. आणि त्यांच्याशी जुळवताना अंधुक उजेडात उचलले गेले ८सी, जे इंचाच्या ०.०२६ भागाने बारीक. ९० पैकी ८४ बोल्ट असे लागले.

त्या माणसाने जुनं पुस्तक वापरलं नाही. त्याने जुनं विमान पुस्तकासारखं वाचलं. ‘जे होतं तेच परत लावलं’ हे वाक्य कारागिरीत शहाणपणाचं वाटतं, पण ते खरं तर नोंद नसलेल्या, रिव्हिजन नसलेल्या कागदावर भरवसा ठेवणं आहे. खिशातली टॉर्कची छोटी डायरी, टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला तक्ता, सिनिअरने ‘हे ठेव, कामाला येईल’ म्हणून दिलेली पानं, फोनमधले स्क्रीनशॉट, ही सगळी त्याच जातीची. ती पिवळी पडत नाहीत. त्यांवर तारीख नसते. आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असतात, म्हणून तर त्यांची सवय लागते. सत्तरच्या दशकातलं पुस्तक नवशिक्यालाही अटकेतल्या चोरासारखं लगेच ओळखता येतं. या कागदांना मात्र वीस वर्षं काम केलेले लोकही घरचंच माणूस समजतात.

एक इशारा बडोद्यापुरता आणि गरजेचा. इथे वायुसेनेचं मोठं ठाणं आहे, अनेक घरांत निवृत्त माणसं आहेत, आणि माळ्यावर जुने कागद निघतात. पानावर लष्करी गोपनीयतेचा शिक्का असेल तर ते कितीही जुनं असो, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही आणि विकायचं तर मुळीच नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे आणि गोपनीयता उठली की नाही हे ठरवणं आपलं काम नव्हे. कागद जिथला आहे तिथे परत द्यावा. नागरी विमानांच्या मॅन्युअलवर निर्मात्याचा कॉपीराइट असतो, तो पुस्तक जुनं झालं म्हणून संपत नाही.

आता कागदी बाइंडर जवळपास गेले. मॅन्युअल सर्व्हरवर असतं, टास्क उघडला की त्या क्षणाची आवृत्ती दिसते, प्रिंट काढली तर तळाशी तारीख येते आणि काम संपलं की ती फाडून टाकायची असते. चुकीचं पान हाती लागण्याचा धोका यामुळे खूप कमी झाला. पण नवी रिव्हिजन चढली की जुनी पडद्यावरून जाते, आणि ती कुठे, किती वर्षं, कुठल्या फाइलमध्ये जपायची हे कंपनीने मुद्दाम ठरवलं नाही तर ती हळूहळू नाहीशी होते. सी-२९५ ज्यांची जागा घेणार ती एचएस-७४८ अॅव्रो विमानं भारतात बनायला लागली ती १९६१ मध्ये, आणि साठ वर्षांनंतरही त्यांतली काही उडत होती. वायुसेनेच्या ५६ सी-२९५ पैकी ४० बडोद्यात जुळणार आहेत. ती तेवढीच टिकली, तर २०८० च्या सुमाराला कुणीतरी एखाद्या पॅचकडे बघून विचारेल, हा लावला तेव्हा पुस्तकात काय होतं? ती फाइल तेव्हाच्या संगणकावर उघडली पाहिजे, आणि ती जपायची सोय आत्ता, पहिलं विमान कारखान्यातून निघायच्या सुमारासच करावी लागते.